धाव, रिम आणि टायर : कोलकात्यातल्या जुन्या गाड्यांच्या चाकांची गोष्ट

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवतात तिला मराठीत 'धाव' म्हणतात. लोहार आधी चाकाचा घेर मोजतो, धाव त्याहून किंचित आखूड जोडतो, ती लाल होईपर्यंत तापवतो आणि चाकावर ठोकून बसवली की वरून पाणी ओततो. लोखंड आकसते आणि तुंबा, आरे, कडेची लाकडे सारे एकमेकांत घट्ट आवळले जाते. या कामात माप एकच असते : समोरच्या त्या एका चाकाचे. शेजारच्या गाडीची धाव इथे बसेल याची खात्री नसते आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते.

रबरी टायरने हे नाते उलटे केले. टायर कारखान्यात साच्यातून निघतो, हजारो मैलांवरच्या, न पाहिलेल्या चाकांसाठी. म्हणून चाकालाच टायरच्या मापात राहावे लागते. जुनी स्पोर्ट्‌स कार जपणारा असो की तिची हुबेहूब प्रतिकृती बांधणारा असो, दोघांची अडचण इथूनच सुरू होते. ज्या मापासाठी साचे होते ते साचे मोडले गेले, कारखाने बंद पडले आणि गाडी मात्र उरली. हा इतिहास कोलकात्यात फार जवळून वाचता येतो. भारतातला पहिला टायर कारखाना या शहराच्या उत्तरेला हुगळीकाठी उभा राहिला, देशाची सर्वांत ओळखीची मोटार याच नदीच्या काठी बनली आणि दोन्ही कारखान्यांची धुराडी आपल्या डोळ्यांदेखत थंड झाली.

कोलकात्यात जुन्या गाडीचा सुटा भाग शोधणारा माणूस आज ना उद्या मल्लिकबाजारला पोचतो. आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि पार्क स्ट्रीट जिथे भेटतात तिथली ही जुन्या सुट्या भागांची पेठ. मराठी माणसाला या रस्त्याची आणखी एक ओळख असायला हवी. बोस रोड म्हणजे पूर्वीचा लोअर सर्क्युलर रोड. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात उतरल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. 'मराठा डिच' हे त्याचे नाव. ठरलेल्या सात मैलांपैकी जेमतेम तीन मैल खणून झाला. बारगीर शहरावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. घोड्यांना अडवण्यासाठी आखलेल्या रेषेवर अशा रीतीने शहराचा मोठा चाकांचा रस्ता आला. बंगाली अंगाईगीतांतून अजून वावरणारा 'बर्गी' आणि मल्लिकबाजारातल्या रिमांची चळत यांच्यात एवढेच नाते आहे. पण ते खरे आहे.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाची. त्याचे पेटंट १८४५ चे. ती कल्पना विसरली गेली आणि १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधली. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे मूळ पेटंट टिकले नाही. नाव मात्र टिकले. टायर चाकावर धरून कसा ठेवायचा हा खरा प्रश्न होता आणि १८९० मध्ये त्याची दोन वेगवेगळी उत्तरे निघाली. एका पद्धतीत टायरच्या कडेला रबराची जाड गोट असे व ती रिमच्या आत वळवलेल्या ओठात अडके. दुसरीत कडेमध्ये न ताणणारी पोलादी तार घातलेली असे. पहिली पद्धत मोटारींच्या आरंभकाळात चालली. दुसरी जिंकली आणि आजही आपल्या गाडीखाली तीच आहे.

जुन्या गाडीसाठी टायर शोधताना हा फरक पुस्तकी राहत नाही. गोटवाल्या टायरला रिममध्ये धरून ठेवते ती फक्त आतली हवा. हवा कमी झाली की वळणावर टायर रिम सोडून बाहेर पडू शकतो, म्हणून त्यात आजच्या मोटारीच्या जवळजवळ दुप्पट दाब ठेवावा लागतो. त्याची मापेही निराळी. ८९५ × १३५ असे लिहिलेले असेल तर ८९५ मिलिमीटर हा टायरचा बाहेरचा व्यास आणि १३५ ही त्याची जाडी. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की रिम ६२५ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे साडेचोवीस इंच. पहिल्या महायुद्धाआधी राजेरजवाड्यांनी आणि कोलकात्याच्या युरोपीय कंपन्यांच्या साहेबांनी मागवलेल्या मोटारींवर या जातीचे टायर होते. १९२० च्या दशकात कमी दाबाचे, फुगीर टायर आले, रिमच्या मध्यभागी खोल घळ आली आणि मापे इंचात लिहिली जाऊ लागली : आधी टायरची जाडी, मग रिमचा व्यास. ४.५०-१९ म्हणजे साडेचार इंच जाड टायर, एकोणीस इंची रिमवर.

स्पोर्ट्‌स कारचे चाक म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तारांचे चाक, ही रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीची देणगी. चाकाच्या मधल्या नळीत दाते असतात, ते हबच्या दात्यांवर सरकतात आणि मधोमध एकच मोठा पंखवाला नट बसतो. हातोडीच्या दोन घावांत चाक निघे. शर्यतीत वेळ वाचावा म्हणून हे आले आणि ऐटीची खूण होऊन बसले. गाडी पळताना नट सैल न होता आवळत राहावा म्हणून दोन बाजूंच्या आट्यांची दिशा परस्परविरुद्ध ठेवतात. प्रतिकृती बांधताना हब डावे-उजवे उलटले गेले तर हाच नट चालता चालता सुटू शकतो. आणखी एक अट विसरली जाते. तारांची टोके रिमच्या आत उघडी असतात, म्हणून अशा चाकात ट्यूब आणि तारांवर रबरी पट्टी लागतेच. बाहेर आलेले पंख पादचाऱ्यांना इजा करतात म्हणून अमेरिकेने १९६८ पासून ते बंद केले. त्यानंतरच्या निर्यातीच्या गाड्यांवर बिनपंखांचा नट दिसतो तो त्यामुळे. जाणकार माणूस नट पाहून गाडीचे साल आणि देश यांचा अंदाज बांधतो.

कोलकात्यात हे सारे टायर आधी बोटीने येत. डनलॉपची भारतीय कंपनी १९२६ मध्ये स्थापन झाली आणि १९३६ मध्ये हुगळी जिल्ह्यात बांडेलजवळ सहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. देशातला हा पहिला टायर कारखाना. रबर दक्षिणेतल्या मळ्यांतून येई. बंदर, रेल्वे आणि कोळसा बंगालात होताच. सायकलपासून विमानापर्यंतचे टायर इथे बनले. कारखान्याभोवती वसाहत उभी राहिली आणि 'डनलॉप' हे बसच्या पाटीवर लिहायचे गावाचे नाव झाले. कोलकात्याच्या उत्तर टोकाला बी. टी. रोडवरचा 'डनलॉप' हा चौक आजही त्याच नावाने हाकारला जातो.

नदीच्या त्याच काठाने खाली उत्तरपाड्याला १९४८ मध्ये हिंदुस्तान मोटर्स आली. बी. एम. बिर्लांनी १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदरावर सुरू केलेली ही कंपनी. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून इथे ॲम्बॅसडर घडली, १९५७ पासून. तिच्या चाकाचे माप ५.९०-१५. पुढची तीसेक वर्षे आयात जवळजवळ बंद होती आणि देशात मोटारी बनत होत्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. टायरवाल्यांनी साचेही तेवढ्याच मापांचे ठेवले. ज्या मापाची गाडी देशात बनत नव्हती त्या मापाचा टायर देशात मिळत नव्हता.

याचा परिणाम जुन्या गाड्यांवर झाला तो असा. एकोणीस किंवा अठरा इंची चाकाची १९३० च्या दशकातली गाडी टायर संपले की उभी राही. मालकापुढे तीन वाटा असत : जुन्यावर रबर चढवून घेणे, परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला गळ घालणे किंवा चाकच बदलणे. तिसरी वाट मिस्तिरींची. मूळ चाकाचा मधला भाग राखायचा, कड कापायची आणि त्याला चालू मापाची दुसरी कड वेल्डिंगने जोडायची. गाडी चालू लागे, पण बुटकी होई. मडगार्ड आणि टायर यांच्यात हातभर पोकळी दिसे. आज जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक ज्याला दोष म्हणून गुण कापतात तो पुष्कळदा आयातबंदीच्या काळातला शहाणपणा असतो. त्यामुळे ती गाडी भंगारात गेली नाही.

'स्टेट्‌समन' वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी दिल्लीत १९६४ मध्ये आणि कोलकात्यात १९६८ मध्ये सुरू केली. तिथपासून या दुरुस्तीकडे पाहण्याची नजर बदलत गेली. गाडी चालते का, या प्रश्नाशेजारी ती मूळ रूपात आहे का, हा दुसरा प्रश्न येऊन बसला. त्याआधी दशकभर, १९५८ मध्ये, ऋत्विक घटकांनी 'अजांत्रिक' काढला होता. त्यातला टॅक्सीवाला बिमल आपल्या १९२० च्या खटारा शेवरोलेला माणूस समजतो, तिला नाव देतो, तिच्याशी भांडतो. शेवटी ती भंगारात जाते. बिमलला गाडीच्या मूळपणाशी काही देणेघेणे नव्हते. मूळपणाची चिंता ही ज्याचे पोट गाडीवर नाही अशा माणसाची चिंता आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

तरीही मूळपणाला अर्थ असतो अशी एक गाडी कोलकात्यातच आहे. एल्गिन रोडवरच्या बोसांच्या घरात १९३७ ची वाँडरर डब्ल्यू २४ उभी आहे. क्रमांक बीएलए ७१६९. १९४१ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांमधल्या रात्री, नजरकैदेतले सुभाषचंद्र याच गाडीतून घराबाहेर पडले. पुतण्या शिशिर गाडी चालवत होता. धनबादजवळ मुक्काम करून दुसऱ्या रात्री त्यांनी गोमो स्टेशन गाठले. सुमारे ३०० किलोमीटरचा तो रस्ता आणि टायरच्या जाडीएवढे अंतर : एखाद्या पोलीस चौकीपुढे एक पंक्चर झाले असते तर पुढचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. वाँडरर ज्या चार कंपन्यांपैकी एक होती त्यांचा वारसा आज ऑडीकडे आहे. ही गाडी दुरुस्त होऊन २०१७ च्या जानेवारीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते पुन्हा लोकांपुढे आली. अशा गाडीच्या चाकाबाबत निवड सोपी असते : त्या काळचे माप, त्या काळची नक्षी. ती पळवायची नाही, सांभाळायची आहे.

प्रतिकृतीचे तसे नाही. प्रतिकृती आजच्या रस्त्यावर, आजच्या वेगाने, आजच्या माणसांना घेऊन पळणार असते. तिला भूतकाळासारखे दिसायचे असते आणि वर्तमानात थांबता यायला हवे असते. महाराष्ट्रातले याचे ठळक उदाहरण अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सचे. या छोट्या कारखान्याने बांधलेली रोडस्टर लोटस सेव्हनच्या वळणाची आहे. कॉलिन चॅपमनची सेव्हन १९५७ ची : अंगावर मांस नसलेली, जवळजवळ फक्त सांगाडा आणि इंजिन. चिंकाराने रोडस्टरसाठी इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन घेतले. उत्तरपाड्याच्या कॉन्टेसात आणि पुढे ॲम्बॅसडरमध्येही इसुझूचेच १.८ लिटर इंजिन होते. कोकणकिनाऱ्यावरची इंग्रजी धाटणीची गाडी आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सी अशा एका जपानी इंजिनाच्या नात्यातल्या.

अशा गाडीला चाक निवडताना पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो, बोल्टांचा असतो. बोल्ट किती आणि ज्या वर्तुळावर ते बसतात त्याचा व्यास किती? जीपच्या चाकाला पाच बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचे वर्तुळ, म्हणजे साडेपाच इंच. मारुती ८०० ला चार बोल्ट आणि ११४.३, म्हणजे साडेचार इंच. प्रतिकृतीखाली कोणाचा आस आहे त्यावर हे ठरते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक बोल्ट ओढून 'बसवून' घेणे हा सर्वांत घातक मोह. तसे चाक बसते, पण बोल्ट वाकडे ताणलेले राहतात आणि एक दिवस तुटतात.

दुसरा प्रश्न, चाक किती आत किंवा बाहेर बसते. रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टांच्या पृष्ठभागाचे अंतर म्हणजे ऑफसेट. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या आजच्या गाड्यांची चाके खूप आत बसतात, जुन्या स्पोर्ट्‌स कारची बाहेरच्या अंगाला. आधुनिक चाक जुन्या घाटाच्या बॉडीखाली लावले तर ते पोटात ओढल्यासारखे दिसते. म्हणून काही जण मधे जाड चकती घालतात. तसे केले की बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो आणि स्टिअरिंग जड होते. त्यापेक्षा योग्य ऑफसेटचे चाक शोधलेले बरे. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि स्प्रिंग पूर्ण दाबून टायर कुठे घासतो का, हे रस्त्यावर नेण्याआधी पाहायचे असते.

तिसरा प्रश्न टायरच्या एकूण व्यासाचा. हा हिशेब पाटीवर करता येतो. १४५/७० आर १२ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंच. बेरीज केली की व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. हे मारुती ८०० चे माप. आता १९४५ ते १९४९ मधल्या एमजी टीसीचे चाक पाहा : ४.५०-१९, व्यास सुमारे २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर. छोट्या गाडीच्या यंत्रणेवर टीसीची नक्कल बांधून एकोणीस इंची चाक लावले तर चाक १.४ पट मोठे झाले. इंजिनाला गाडी ओढणे तेवढे जड, आणि ब्रेकला तीच गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायला १.४ पट जोर हवा. ब्रेक तर त्याच छोट्या गाडीचे. उलट, टीसीच्या वेगमापकावर १९५/६५ आर १५ हे आजचे सर्रास मिळणारे माप लावले तर व्यास ६३४ वर येतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८९ ने जात असते आणि मडगार्डखाली तीच जुनी पोकळी दिसू लागते. एमजीच्याच पुढच्या टीडीला, १९५० पासून, १५ इंची चाक आले, तेही तारांचे नव्हे तर पत्र्याचे. त्या वेळच्या शौकिनांना ते रुचले नाही. आज टीडीच्या प्रतिकृतींना हौसेने तारांची चाके लावली जातात. मूळ गाडीला जे नव्हते ते नकलेला देऊन लोक तिला अधिक अस्सल करतात.

चौथा प्रश्न टायरच्या जातीचा. जुन्या टायरात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून जातात. रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत आडवे असतात आणि वर पोलादी पट्टा. मिशेलिनने रेडियलचे पेटंट १९४६ मध्ये घेतले, भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणले. दोन जाती एकाच आसावर मिसळायच्या नाहीत. पुढे रेडियल आणि मागे तिरक्या थरांचे लावले तर वळणावर मागची बाजू आधी निसटते. रेडियलची पकड जास्त, म्हणून जुन्या तारांच्या चाकावर ताणही जास्त.

राहिला भार आणि वय. टायरच्या कडेवर ६९ हा आकडा असेल तर एक टायर ३२५ किलो पेलतो, ९१ असेल तर ६१५ किलो. शेजारच्या अक्षरावरून वेग कळतो : 'एस' म्हणजे ताशी १८०, 'एच' म्हणजे २१० किलोमीटर. हलक्या गाडीला जास्तीत जास्त रुंद आणि दणकट टायर लावणे हा शहाणपणा नव्हे. सेव्हनसारख्या गाडीखाली असा टायर नीट गरमही होत नाही आणि पावसात पाण्यावर तरंगतो. कोलकात्याच्या जुलै-ऑगस्टात हे महाग पडते. बनावटीची तारीख चार आकड्यांत असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाडीचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन मरतात. नक्षी कोरी करकरीत आणि कडेला बारीक तडे असतील तर तो टायर भिंतीवर टांगायचा.

या सगळ्या निवडींमागे एक न दिसणारी गोष्ट असते : कोणीतरी ते माप बनवत असले पाहिजे. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात १९५८ पासून कोकर कंपनी जुन्या मापांचे टायर बनवून विकते, कारण तिथे जुन्या गाडीवाल्यांची संख्या मोठी आहे. आपल्याकडे उलटे घडले. डनलॉपची मालकी १९८० च्या दशकापासून हातोहात फिरत राहिली. कारखाना बंद पडायचा, उघडायचा, पुन्हा बंद. २००५ मध्ये रुइया समूह आला. २०११ च्या ऑक्टोबरात सहागंजला काम थांबले ते थांबलेच. २०१६ मध्ये पश्चिम बंगाल विधानसभेने कारखाना ताब्यात घेण्याचे विधेयक मंजूर केले. कामगारांची देणी, न्यायालये, झुडपांनी भरलेले आवार ही त्यापुढची कथा. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यालाही काम थांबले आणि २०१७ मध्ये ॲम्बॅसडर हे नाव ८० कोटी रुपयांना प्यूजोकडे गेले. ५.९०-१५ हे एके काळी देशातल्या कोणत्याही गावात मिळणारे माप होते. ते आता शोधायचे माप होते आहे. जी गाडी साऱ्या देशाचे 'चालू माप' होती तीच आता जुन्या गाड्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली आहे.

कायदा या बाबतीत चाकाकडे फारसे पाहत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला ती नसते. प्रतिकृतीला या दारातून प्रवेश नाही. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितले की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करून गाडी नोंदवता येणार नाही. त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यावर घरी बांधलेली नक्कल कागदोपत्री अधांतरी राहते. तिच्या चाकावर कोणी अधिकारी बोट ठेवणार नाही आणि म्हणूनच त्याची जबाबदारी पूर्णपणे बांधणाऱ्यावर येते.

प्रतिकृती बांधणे यात खोटे काही नाही. खोटेपणा सुरू होतो तो ती मूळ म्हणून विकताना, किंवा डोळ्यांना १९४८ चे दिसावे म्हणून ब्रेकला न पेलणारे चाक लावून त्यात दुसऱ्याला बसवताना. मिस्तिरीने कड कापून केलेले बुटके चाक त्या अर्थाने अधिक प्रामाणिक होते; ते आपला काळ आणि आपली टंचाई लपवत नव्हते. बांधणाऱ्याने एक वही ठेवावी : आस कोणाचा, बोल्टांचे वर्तुळ किती, रिम कुठली, टायरचे माप आणि बनावटीचा आठवडा कोणता, कोणते माप मिळाले नाही म्हणून काय लावले. पन्नास वर्षांनी ती गाडी कोणाच्या तरी हाती पडेल तेव्हा तिची खरी जन्मपत्रिका त्या वहीतच असेल. लोहाराला अशी वही लागत नव्हती, कारण ज्याची धाव बसवली तो माणूस समोर उभा असे.